कमलताईंनी फोडलेला जांभळा फुगा

"मॅडम, हे तळं लई खोल हाय का?"

कमलताईंनी इतक्या हळू विचारलं की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, कमरेला सेफ्टी बेल्ट आणि बेल्टचा पट्टा माझ्या मुठीत. उभ्या होत्या नांदेडच्या आमच्या फिजिओथेरपी विभागातल्या फरशीवर, पण त्यांना दिसत होतं तळं.

"घोट्याएवढंच पाणी आहे, ताई. दगडावर पाय ठेवा."

"मला पोहता येत न्हाई."

"मलाही नाही. चला."

कमलताई देगलूरच्या, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. पाच वर्षांपासून पार्किन्सन्स. या आजारात हात थरथरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आवाजही बारीक होत जातो. आणि चालता चालता पाय अचानक जमिनीला चिकटतात. त्याला आम्ही फ्रीझिंग म्हणतो. माणसाला पाऊल टाकायचं असतं, पाय ऐकत नाही. गंमत अशी, की समोर जमिनीवर आखलेली रेघ किंवा दगड दिसला तर ओलांडायला बऱ्याचदा तोच पाय उचलला जातो. म्हणून आम्ही डोळ्यांसमोर खोटे दगड मांडतो आणि खरा पाय उचलून घेतो.

त्यांचे यजमान गंगाधरकाका खरं तर कोणती व्हीलचेअर घ्यावी, हे विचारायला ताईंना घेऊन आले होते. न्हाणीच्या दारात पाय अडकून ताई पडल्या, तेव्हापासून त्यांनी खोली सोडली नव्हती.

"खुर्चीचं नाव काढलं की बोलत न्हाई माझ्याशी," काका म्हणाले. "आन् बोलली तरी ऐकू येत न्हाई."

हेडसेट आमच्याकडे पंधरा दिवसांच्या ट्रायलवर होता. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "या वयात चक्कर येईल. एक जरी पेशंट पडला, तर मशीन परत." ट्रायलचे दोनच दिवस उरले होते, तरी खुर्चीआधी ताईंना एकदा हेडसेट लावून बघायचं मी ठरवलं.

त्या दिवशी ताईंनी चार दगड ओलांडले आणि घामाघूम होऊन बसल्या. मला वाटलं, आता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी दहाला दारात हजर!

या वेळी मी फुग्यांचा गेम लावला. वरून फुगे येतात, हात उंच करून फोडायचे. ताईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पहिला फुगा त्यांनी नुसता बघितला.

"फोडायचा कशाला? चांगला हाय की."

"वर्गातलं वात्रट पोरगं समजा, ताई."

"पोरांना मी मारत नव्हते." मग हेडसेट सावरत म्हणाल्या, "पण एक होता."

आणि त्यांनी फुगा फोडला. मग दुसरा. मग तर झपाटल्याच! ताईंचं माहेर तेलंगणाच्या बाजूचं. अंगात आलं की त्या तेलुगूत मोजतात, हे मला तेव्हा कळलं. "ओकटी! रेंडू! मूडू!" दर आकड्याला आवाज चढत गेला. शेजारच्या टेबलावर गुडघा शेकत पडलेले आजोबा उठून टाळ्या वाजवायला लागले.

काका चहाचा कप घेऊन बाहेरून पळत आले. "कोण ओरडून राहिलंय?"

"तुमच्याच घरच्या."

काका तिथंच थांबले. चहा हिंदकळून शर्टावर सांडला, तरी त्यांना कळलं नाही. "लई दिसांनी ऐकला हा आवाज," एवढंच म्हणाले.

गलका ऐकून मोठे डॉक्टर आत आले. "काय चाललंय?" म्हणत थेट ताईंच्या समोर उभे राहिले. मी "सर, मागे!" म्हणेपर्यंत उशीर झाला. सरांचं डोकं होतं, नेमका तिथंच ताईंना जांभळा फुगा दिसला.

फाट!

सरांचा चष्मा उडून ट्रेडमिलखाली गेला. आजोबांच्या टाळ्या थांबल्या.

"फुटला का?" ताईंनी अभिमानानं विचारलं.

माझी नोकरी जाताना मला डोळ्यांसमोर दिसत होती. सर डोळे बारीक करून माझ्याकडे वळले.

"हात कुठपर्यंत गेला?"

"खांद्याच्या वर, सर."

"कोणता?"

"उजवा."

सर बाकावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. ताईंनी हेडसेट काढला, समोर बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "अगं बाई! साहेब!"

"साहेब, इतक्या वर्षांत नवऱ्यावर हात उचलला न्हाई हिनं," काका म्हणाले. "तुमचं नशीब मोठं."

मग सरांसकट आम्ही सगळेच हसत सुटलो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बेल्ट मी सोडला नाही.

मशीन राहिलं. ताई दोन महिने नांदेडला लेकीकडं मुक्कामाला होत्या. आठवड्यातून तीनदा यायच्या. पार्किन्सन्स बरा झाला नाही, तो होत नाही. गोळ्या चालूच आहेत, हातही थरथरतो. पण आता पाय अडकला की ताई मनातल्या मनात समोर दगड मांडतात आणि ओलांडतात. देगलूरला परत जाताना काठी टेकत स्वतः जीपपर्यंत गेल्या. व्हीलचेअर घेतली नाही.

व्हीआर रूममध्ये मी आता पिवळ्या टेपनं गोल आखलाय. पेशंट आत, बाकी सगळे बाहेर. सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरात आहे आणि खाली सरांचीच सही आहे.