चारीच्या तोंडाची भिंत

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. धाकटा भाऊ राहात्याकडे कालव्यावर ओव्हरसिअर होता. दिवाळीनंतर त्याच्याकडे राहायला गेले, तर स्वारी काळजीत. कालव्यातून शेतांकडे फुटणाऱ्या चारीच्या तोंडाचं लोखंडी गेट अडकून बसलं होतं. पाण्याची पाळी जवळ आलेली, आणि खालचे ऊसवाले रोज येऊन विचारत होते. गंज खरवडून झाला, ग्रीस घालून झालं, पण गेट हलेना.

सकाळी मीही त्याच्याबरोबर गेले. पाण्याची राखण करणारा म्हातारा पाटकरी आधीच येऊन बसला होता. भावानं गेट मोजलं, मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या भिंतींमध्ये टेप धरला. गेट होतं तेवढंच होतं; कडेची फट मात्र नाहीशी झाली होती.

"ताई, भिंती आत आल्यात," तो म्हणाला.

पाया खचला असेल असं त्याला वाटलं. पण ओळंबा सोडला तर भिंती सरळ उभ्या होत्या.

मी जवळ जाऊन पाहिलं. सुकलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा भेगा सगळीकडे पसरल्या होत्या, आणि त्यांतून पांढरट काहीतरी ओघळून वाळलं होतं. भावानं छिन्नीनं एक ढलपा काढून दिला. आतल्या खडीत दुधी गारगोट्या होत्या, आणि त्यांच्या कडेनं ओलसर थर. बोट लावलं तर साबुदाण्याच्या खिरीसारखा चिकट.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. सिमेंटमधले अल्कली ओलाव्यात विरघळतात आणि काही जातींच्या दगडांतली सिलिका खातात. त्यातून जेली बनते, ती पाणी पिऊन फुगते आणि काँक्रीटला आतून फाडून फुगवते. वाचताना ते सगळं दूरदेशीच्या धरणांचं वाटलं होतं. आता ते माझ्या बोटाला लागलं होतं. ही भिंत मी शाळेत असताना बांधलेली. प्रयोगशाळेत माझ्या रिअॅक्शन तास संपायच्या आत उरकत. ही मात्र इतकी वर्षं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, चालूच होती, आणि तिनं लोखंड धरून ठेवलं होतं.

थांबवता येईल का, असं भावानं विचारलं. भिंत कोरडी राहिली तर थांबेल, असं मी सांगितल्यावर त्यानं कालव्याकडे बोट दाखवलं.

पाटकऱ्याला मी सोप्या शब्दांत समजावलं. त्यानं भिंतीवर तळवा ठेवला.

"म्हंजी हिला टेकून मी भाकर खात हुतो," तो हळू म्हणाला, "आन् ही वाढत हुती."

वर्कशॉपातून फिटर बोलावून गेटच्या कडा कापल्या. पाळी वेळेवर सुटली. शेतकरी पाण्यामागे खाली गेले. मी तिथेच उभी राहून भिंत ओली होताना पाहत होते.

काही वर्षांनी ती पाडून दुसऱ्या खाणीची खडी तपासून नवी बांधली. तोवर गेटच्या कडा आणखी एकदा कापाव्या लागल्या होत्या.