सुलक्षणा मॅडमचा शनिवारचा तास

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या एका हायस्कुलात सुलक्षणा मॅडम गणित शिकवतात. माहेर धुळ्याकडचं, लग्न होऊन जळगावात आल्या आणि इथल्याच झाल्या. आवाज खणखणीत, शिस्त कडक. त्या व्हरांड्यात दिसल्या की नववीचा वर्ग आपोआप जागेवर बसतो.

एका वर्षी जूनमध्ये नववीत सुयश आला. वडील वाल्मीकभाऊ एसटीत ड्रायव्हर, शिंदखेड्याकडून बदली होऊन आलेले. पहिल्याच दिवशी कुणीतरी नाव विचारलं. सुयश सरळपणे घरच्या अहिराणीत म्हणाला, "मना नाव सुयश शे."

झालं! वर्ग खदखदून हसला. कापडवाल्या घेवरचंदशेठांचा नातू अर्हम तर मधल्या सुट्टीत "शे, शे" करत त्याच्या मागेच लागला. तेव्हापासून सुयशनं तोंडाला कुलूप लावलं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा.

ते मॅडमच्या नजरेतून सुटलं नाही. अर्हमला रागावलं तर तो गप्प बसेल, पण सुयश काही बोलता होणार नाही, हे त्यांना कळत होतं. सासरी आल्यावर त्यांनीही माहेरची अहिराणी कितीतरी दिवस ओठांआडच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी प्रमेय शिकवता शिकवता त्या सुयशकडे वळल्या आणि सगळं समजलं का, ते चक्क अहिराणीत विचारलं. "काय रे भाऊ, हाई बठ्ठं समजनं का तुले?"

वर्ग अवाक! मॅडम असं बोलतात? सुयशचा चेहरा मात्र उजळला. "हा मॅडम, समजनं," तो हळूच म्हणाला.

एवढ्यावर भागणार नव्हतं. मॅडम मुख्याध्यापक अमृत सरांकडे गेल्या आणि मुलांच्या गप्पांसाठी शनिवारचा शेवटचा तास मागितला.

"गणित सोडून गप्पा? आणि अभ्यासक्रम?"

"तो माझ्यावर सोडा, सर. पोरं वर्षभर एका बाकावर बसतात आणि शेजारच्याच्या घरी कोण कोण आहे हेही त्यांना ठाऊक नसतं. आपण नाही शिकवायचं तर कोणी?"

सरांनी मान हलवली. "बघा बुवा, जमतंय का."

मॅडमनी जोड्या लावल्या. पालकांना विचारून एकमेकांच्या घरी जायचं आणि शनिवारी वर्गात स्वतःबद्दल नाही, जोडीदाराबद्दल बोलायचं. आपली जोडी सुयशशी लावलेली ऐकून अर्हम उठलाच.

"मॅडम, बदलून द्या ना."

"नाही. खाली बस."

शनिवारी सुयश फळ्यापाशी आला आणि म्हणाला, "अर्हमच्या आजी मोहनबाई मारवाडीत बोलतात. मला म्हणाल्या, 'जीम ले, बेटा.' मी गडबडीत बोलून गेलो, 'माले भूक नही.' त्यांना ते बरोबर समजलं. तरी ताटात फुलके आलेच!"

वर्ग हसला, पण या खेपेला सुयशही हसत होता. मग त्यानं सांगितलं, की अर्हम आजीला रोज आधार देऊन देवळात नेतो. हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. अर्हम कानापर्यंत लाल झाला.

आता त्याची पाळी होती. "यांच्या घरी भरीत केलं होतं," तो म्हणाला. "आम्ही जैन, आमच्यात वांगी चालत नाहीत. मला सांगायला लाज वाटत होती. सुयशच्या लक्षात आलं. तो आईच्या कानाशी लागला आणि माझ्यासाठी मुगाची डाळ आली." मग सगळं धैर्य एकवटून तो म्हणाला, "सुयशना माय चांगला शे!"

"सुयशनी माय! चांगली!" सुयश बाकावरून ओरडला. वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. दाराशी उभे असलेले अमृत सरही हसू आवरत निघून गेले. पुढच्या आठवड्यात आठवीच्या वर्गालाही तसा तास मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत मॅडम माहेरी निघाल्या. जळगावच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीत चढल्या, तर स्टिअरिंगवर वाल्मीकभाऊ. त्यांनी मागे वळून नमस्कार केला.

"मॅडम, पोऱ्या आते घरमा गप्पच बसत नही!"

"वर्गमा बी बसत नही, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "मीच त्याले पहिल्या बाकवर बसाडं."

वाल्मीकभाऊ मनापासून हसले आणि त्यांनी गाडी सुरू केली. खिडकीजवळची जागा मिळाली होती. मॅडम शेजारच्या बाईशी धुळं येईपर्यंत मोठ्यानं, मनसोक्त अहिराणीत बोलत राहिल्या.