आधी ताट, मग तक्रार

अर्णव, तन्वी,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, सोहारचे आजोबा भारतात परत गेले, तर आता शुक्रवारी तुम्ही त्या मगरीच्या हॉटेलात कोणाबरोबर जाता? मी म्हटलं, कोणाबरोबरच नाही. पुढचं सांगणार होते, पण तन्वीची पोहायला जायची वेळ झाली. म्हणून लिहिते आहे. मराठीतच लिहिते आहे, कारण माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं असलं तरी हा माणूस इंग्रजीत बसत नाही. मी बसवून पाहिला. अडेल तिथे आईला विचारा. आणि आत्ताच लिहिते आहे, कारण त्यांना जाऊन महिनाही झालेला नाही आणि मला सगळं अजून क्रमाने आठवतं. माझ्या वयात आधी क्रमच सुटतो.

एकाच हॉटेलात पुन्हा पुन्हा निराश होण्याची एवढी चिकाटी असलेला दुसरा माणूस मस्कतपासून सलालापर्यंत, साऱ्या ओमानात झाला नसेल. सोहारचे आजोबा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, तुमच्या कुंदा आजीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला मेहुणीबाई म्हणतात, आणि तुमचे आजोबा त्यांना साडूबुवा म्हणतात, तेही ते समोर असताना. सोहारच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात त्यांची सगळी उमेदीची वर्षं भट्ट्यांपुढे गेली. निवृत्तीचं वय उलटलं तरी कंपनी त्यांना सोडेना, कारण भट्टीचा नुसता रंग बघून ती आजारी आहे की आळस करते आहे हे ते सांगत. घरात मात्र गॅसचा लायटर कुठल्या खणात असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. खणच काय, स्वयंपाकघरात ते पाण्याच्या बाटलीपलीकडे कधी गेलेच नव्हते.

ते मूळचे मालवणकडचे. त्यांच्या घरची एक रीत होती आणि ती त्यांनी वाळवंटातही सोडली नाही. जेवताना अन्नाला नावं ठेवायची नाहीत. ताटात आलेलं संपवायचं, उठायचं, हात धुवायचे, आणि मग हवं ते बोलायचं. ज्याने ताट टाकलं त्याला बोलायचा अधिकार नाही. आमच्याकडे जेवायला आले की ते आमटी मुकाट्याने संपवत, बेसिनपाशी जाऊन चूळ भरत, टॉवेलला हात पुसत परत येत, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहत आणि म्हणत, "मेहुणीबाई, आता बोलू का?" मी नको म्हटलं तरी बोलत. एकदा मी कंटाळून त्यांचा टॉवेल लपवून ठेवला, तर ओले हात हवेत धरून बोलले.

आता हॉटेलाचं. कुंदाताईला मोठं आजारपण आलं आणि औषधांनी तिच्या जिभेची चव गेली. श्रीखंड दिलं तरी म्हणायची, "ओला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटतं." ती दोन घास घेऊन ताट सारायला लागली. मस्कतच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वजन असंच उतरत राहिलं तर पुढचे डोस थांबवावे लागतील. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा ऊन इतकं होतं की समोर दिसलेल्या पहिल्या मॉलमध्ये शिरलो, आणि मॉलमध्ये बसायला पहिली जागा दिसली ती ही. दारात प्लास्टिकची मगर, गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा, आत कर्णा वाजवणाऱ्या माणसाचं मोठं चित्र. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं क्रिओल जेवण मिळतं, असं बाहेर लिहिलेलं. अशी त्यांची देशोदेशी हॉटेलं आहेत म्हणे. आम्ही काळपट रंगाचा एक रस्सा मागवला. त्यात कोळंबी आणि भेंडी, मधोमध भाताची मूद. भाऊजी म्हणाले, "कोळंबीत भेंडी? म्हणजे आमच्यातलेच लोक आहेत." कुंदाताईने चमचा तोंडात घातला, थांबली, परत घातला. मग म्हणाली, "अहो, हे लागतंय."

एवढंच म्हणाली. पण भाऊजींनी ते वाक्य सरकारी हुकमासारखं धरलं. पुढच्या शुक्रवारी सोहारहून दोन-अडीच तास गाडी हाकत ते कुंदाताईला घेऊन आले आणि आम्हा दोघांनाही उचललं. तोच रस्सा मागवला. कुंदाताईने एक चमचा घेतला आणि वाटी भाऊजींकडे सरकवली. "नाही हो. पुठ्ठा."

तिथून ते शुक्रवार सुरू झाले. दर वेळी तो रस्सा नव्या तऱ्हेने बिघडलेला असे. कधी पाण्यासारखा पातळ, कधी लापशीसारखा घट्ट. एकदा मूद आतून फ्रिजमधल्यासारखी गार निघाली, एकदा भेंडीच नव्हती आणि तिच्या जागी भोपळी मिरची तरंगत होती. वर स्पीकरवर तो कर्णा अखंड वाजे. भाऊजी तुमच्या आजोबांना विचारत, "हा भैरवी कधी घेणार?" आणि तोवर सगळ्या वाट्या, कुंदाताईचीसुद्धा, रीतीप्रमाणे पुसून साफ करत. इथेच घोटाळा झाला. केरळचा एक कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम, आमचं टेबल बघायचा. लख्ख वाट्या पाहून त्याची खात्री पटली की साहेबांचा या रश्श्यावर जीव आहे. एका शुक्रवारी त्याने आपल्या मनाने आणखी एक मोठी वाटी आणून ठेवली. "साहब के लिए. कंपनी की तरफ से." भाऊजींनी कुंदाताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तीही संपवली. कुंदाताई पदर तोंडाला लावून हसत होती. मग ते हात धुऊन आले, खुर्चीमागे उभे राहिले आणि कॅप्टनला म्हणाले, "अब बोलता हूँ. इतना बेकार खाना मैंने दुक्मच्या लेबर कॅम्पमध्ये भी नहीं खाया."

"लेकिन साहब, आपने तो सब खतम किया!"

"खतम किया, इसीलिए बोल सकता हूँ."

"नेक्स्ट टाइम अच्छा होगा साहब, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला मत बोलो. हुआ क्या वो बोलो. पहिल्या दिवशी जो था वो कहाँ गया?"

तुमचे आजोबा म्हणाले, "साडूबुवा, हॉटेल बदला. मस्कतमध्ये हॉटेलांना तोटा आहे का?" भाऊजी म्हणाले, "चव इथे हरवली, तर शोधायची इथेच. तुमच्या अंगणात कशाला शोधू?"

कॅप्टन भला माणूस. बिचारा आत जाऊन विचारून आला. आम्ही पहिल्यांदा गेलो तोपर्यंत म्हणे या शाखेत पीठ तेलात भाजून तो रस्सा इथेच करत, पार कॉफीच्या रंगावर येईपर्यंत. आता दुबईहून पिशव्यांतून तयार येतो, इथे फक्त गरम करतात. भाजणाऱ्याची बदली दुसऱ्या देशात झाली. "खलास साहब, अब वैसा नहीं आएगा."

मला वाटलं, आता हे खचतील. कुंदाताईने तर पर्स उचललीसुद्धा. भाऊजी उलट खुर्ची ओढून खाली बसले. "म्हणजे पीठ भाजायचं आहे. भट्टीचंच काम की हो हे, मेहुणीबाई!"

त्या आठवड्यात सोहारच्या त्यांच्या फ्लॅटमधून एवढा धूर निघाला की इमारतीचा वॉचमन दार ठोकत वर आला. भाऊजी कारखान्यातला गॉगल लावून दार उघडायला गेले. कढया जळाल्या, उलथनं वितळलं, आणि फोनवर मला प्रश्न येऊ लागले. "मेहुणीबाई, पीठ म्हणजे कणीक की मैदा?" मग, "लायटर कुठे असतो?" मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं घर आहे ते, माझं नाही!" मी डबे पाठवते म्हटलं, तर म्हणाले, "नको. तुमचे डबे ती नुसते हुंगते. हे मलाच करायचंय."

शेवटी एका शुक्रवारी आम्हाला सोहारला बोलावलं. टेबलावर चार वाट्या. रस्सा काळा होता हे कबूल करते. बाकी काहीच कबूल करण्यासारखं नव्हतं. मी एक चमचा घेतला आणि तुमच्या आजोबांकडे पाहिलं. त्यांनी नजर टाळली. कुंदाताईने एक चमचा घेतला आणि तिच्या कपाळावर आठी आली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "कुंदा, आधी ताट."

तिने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मग चमचा धरला. एक घास, दुसरा घास. मधेच थांबली, पाणी प्यायली, परत धरला. आम्ही तिघं आपापल्या वाटीत मान घालून बसलो होतो. तिची वाटी रिकामी झाली. ती उठली, भिंतीला धरत बेसिनपाशी गेली, हात धुतले, आणि येऊन खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"मीठ नाही. कोळंबीचं रबर केलंत. भेंडी न पुसता चिरलीत, तार सुटलीये. पीठ करपलंय. आणि त्या ओट्याकडे तर मला बघवत नाही!"

किती दिवसांनी तिचा आवाज चढलेला ऐकला. भाऊजींचा चेहरा असा फुलला, की जणू तिने त्यांना ओवाळलं. "पीठ करपलंय," ते मला हळूच म्हणाले, "म्हणजे करपलेलं कळलं तिला."

त्यानंतर ते रोज रांधत आणि ती रोज संपवत असे, कारण तिच्याकडे बोलण्यासारखं रोज काहीतरी असे. हात सुधारल्यावरही रश्श्यात एक चूक राहायचीच. कधी मीठ, कधी आंबट. ती चूक ते मुद्दाम ठेवत, अशी मला शंका आहे. विचारलं तेव्हा म्हणाले, "मेहुणीबाई, भट्टी चालू ठेवायची तर तिला काहीतरी घालत राहावं लागतं." वजन हळूहळू चढलं. डोस पुरे झाले.

यंदा त्यांचा करार संपला. निघायच्या आधी चौघं एकदा त्या हॉटेलात जाऊन आलो. रस्सा पिशवीतलाच होता. भाऊजींनी संपवला, हात धुऊन आले, खुर्चीमागे उभे राहिले. कॅप्टन समोर येऊन म्हणाला, "बोलिए साहब." भाऊजींनी त्याचा हात हातात घेतला आणि नुसता दाबला.

आता ते मालवणला आहेत, आणि शुक्रवारी आम्ही दोघं घरीच जेवतो. कुंदाताईच्या सगळ्या चवी परत आलेल्या नाहीत. गोड अजून लागत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, कदाचित लागणारही नाही. आंबट कळतं, खारट कळतं, भाजलेलं कळतं. ती दोन्ही वेळा जेवते.