तोंडातल्या टाचण्या

मास्तरांनी सगळ्या पालकांदेखत सुनावलं, "बाई, तुमची मुलगी नुसती मान डोलावते. समजलं का विचारलं, की हो! आणि पेपर कोरा. इच्छाच नाही हो तिला शिकायची." शिंपीणबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण ओठ बघून ती बरंच टिपायची. म्हणून तर हौसेनं साध्या शाळेत घातलं होतं. आणि हिनं नववीत दुसऱ्यांदा गटांगळी खावी?

घरी येऊन बाई तणतणतच मशीनवर बसल्या. कुणाच्या तरी झग्याचा घेर शिवायचा होता. नेहमीसारख्या ओठांत टाचण्या धरलेल्या. लेक दारात आली तशा त्या खाली बघूनच खेकसल्या, "उद्यापासून शाळा बंद! माझ्याशेजारी बसून काजं-बटणं करायची. कळलं?"

लेकीनं हसून मान डोलावली.

"बघा! हूं की चूं नाही. मास्तर म्हणतात तेच खरं." बाई तिच्याशी दिवसभर बोलल्या नाहीत.

सकाळी बघतात तर काय, कार्टी दप्तर पाठीला लावून बूट घालतेय!

"अगं, निघालीस कुठं? काल हो म्हणालीस ना?"

लेक पुन्हा हसली. पुन्हा मान डोलावली.

बाईंचा मशीनवरचा हात थांबला. ओठांत आत्ताही दोन टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी टाचण्यांच्या उशीत खोचल्या, लेकीची हनुवटी वर केली. "काल मी काय म्हणाले? मान नको हलवू. सांग."

पोरीनं हनुवटी सोडवून घेतली. मग जड आवाजात म्हणाली, "नाही कळलं. शाळेत पण नाही कळत. मास्तर फळ्याशी बोलतात."

"मग विचारायचं नाही का गं, बये?"

"तूच सांगितलंस. सारखं विचारलं की लोक वैतागतात. हसायचं, मान डोलवायची."

अरे देवा! खरंच की. लहानपणी ही पाहुण्यांना "आँ? आँ?" करून भंडावून सोडायची, तेव्हा लाज वाटून चिमटे काढत त्यांनीच शिकवलं होतं. आणि शिकली तेव्हा गालगुच्चा घेऊन म्हणाल्या होत्या, शहाणी माझी बाय.

बाईंना रडू आवरेना. ओंजळीत तोंड लपवून त्या म्हणाल्या, "चुकलं गं माझं. चल, मीही येते शाळेत."

लेकीनं हसून मान डोलावली.

बाईंनी डोळे पुसले, हात खाली घेतले आणि तिच्यासमोर बसून तेच पुन्हा सांगितलं.