काहून घरी ठेवून या

पोरगी पडली की मंदा दीदी टाळ्या वाजवायची. गोल झाला तर नाही, तेव्हा नुसती सौंफ चघळत बसायची. पण कोणी पडलं की उलट्या बादलीवर बसल्या बसल्या जोरात टाळ्या, आणि वरून, "वा बड्डे! पडता तर येते तुला. आता उठून दाखव!" जबलपुरात दोस्ताला बड्डे म्हणतात, ती पोरींनाही म्हणायची.

मला हे कुठं माहीत होतं. शेजारच्या पोरीसोबत माझी गुड्डी खेळायला गेली ती आलीच नाही, म्हणून मी चपला न घालताच फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या मागच्या मैदानात पळत गेली. पाहते तर काय, गुड्डी गुडघा धरून मातीत बसलेली, रक्त येऊन राहिलं, आणि एक साठीची बाई, साडी खोचलेली, पायात पांढरे बूट, खुशाल टाळ्या वाजवून राहिली. माझं डोकंच फिरलं. "काहून टाळ्या वाजवता हो? काहून पाडलं माझ्या पोरीला? काहून कोणी पट्टी नाही बांधत?"

एक पोरगी फिस्सकन हसली, मग सगळ्याच. बाईनं हॉकीची स्टिक उचलली आणि मैदानाच्या टोकाला कडुनिंबाचं झाड होतं ते दाखवलं.

"तीनदा म्हटलं. तीन चक्कर."

"काय?"

"इथे काहून म्हणायची बंदी आहे. जो म्हणेल तो झाडाला हात लावून येईल. पट्टी मी बांधते, तू पळ."

आणि मी पळली हो! अनवाणी, पदर सांभाळत, सगळ्या पोरींसमोर. तिच्या आवाजातच असं काही होतं की पाय आपोआप निघाले. शेवटच्या चक्करला गुड्डी पट्टी बांधून उभी होती आणि ओरडत होती, "मम्मी, फास्ट! और फास्ट!" त्या दिवसापासून मंदा दीदीनं माझं नाव काहूनबाई ठेवलं.

ती पोरींना हॉकी शिकवायला जबलपुरातल्याच दीक्षितपुऱ्यातून यायची, जुन्या स्कूटीवर, मागे स्टिकांचा भारा बांधून. जवानीत रेल्वेकडून खेळलेली, तिथेच नोकरी केली, रिटायर झाली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "मिडफिल्ड सोडून घरी कोण बसणार?" दोन्ही गुडघे गेलेले, चालताना कट्‌कट वाजायचे. पण आंटी म्हटलेलं चालायचं नाही. आंटी म्हटलं तरी झाडाला चक्कर.

पोरी बहुतेक हिंदीवाल्या. त्यांना सुरुवातीला मराठीतला एकच शब्द येत होता, काहून, आणि नेमकी त्याचीच बंदी! एकीनं विचारलं, "दीदी, क्यों चलेगा?" दीदी म्हणाली, "क्यों उसका सगा भाई है. चल, भाग."

बंदी कशासाठी ते तिनं मला एकदा सांगितलं. "पोरगी चुकली की तिथेच उभी राहते. काहून चुकलं, काहून माझंच चुकलं. तोवर बॉल कुठे जाते? पुढे जाते ना. हे काहून नेहमी मागे पाहते, रेखा. ते घरी ठेवून यायचं, रात्री जेवताना काढायचं, पाहिजे तेवढं चघळायचं. मैदानात फक्त आता." म्हणून चूक झाली की ती पोरगी ओरडायची, "आता?" आणि बाकीच्या ओरडायच्या, "आता बॉल!" माझ्या गुड्डीला मराठी बोल म्हटलं की लाज वाटते, घरी सगळं हिंदीत, पण मैदानात "आता बॉल" असं ओरडायची की फॅक्टरीच्या भोंग्यानं लाजावं.

मी मात्र भित्रीच. नववीत शाळा सुटली, अठरा झाले नाही तर लग्न, छिंदवाड्याकडून एकदम जबलपूरला. गॅस लावायला भीती, कुत्र्याची भीती, रस्ता ओलांडायची भीती, आणि आता हा दगडासारखा टणक बॉल! आमचे हे म्हणतात, "खेलने दे ना." यांना काय, हे ड्युटीवर. दात पडला तर? डोळ्याला लागलं तर? मी दीदीला म्हटलं, मला फार भीती वाटते, नाही पाठवत मी गुड्डीला. ती म्हणाली, "वाटते ना भीती? वाटू दे. त्या भीतीला पण बूट घाल आणि घेऊन ये."

तेव्हापासून मी रोज बादलीच्या बाजूला बसू लागली, हातात हळदीची डबी धरून.

मग विजय नगरच्या एका मोठ्या शाळेसोबत मॅच झाली. शेवटी शेवटी आम्हाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. म्हणजे समोर एकटी गोलकीपर, बाकी सगळे मागे, आणि मारणार कोण, तर माझी गुड्डी. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा बॉल खांबाच्या बाहेरून आरामात चालला होता. हरलो. गुड्डी रडली नाही. घरी आली, स्टिक दिवाणाच्या खाली सरकवली आणि म्हणाली, "अब मैं नहीं जाऊंगी."

दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. खोटं कशाला बोलू, पहिले मला बरंच वाटलं. बॉल नाही, दाताची काळजी नाही. पण पोरगी जेवेना, भांडेना, टीव्हीचा रिमोट पण मागेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ही शांतता मला बॉलपेक्षा जास्त भ्यायला लावू लागली. मग मी तिच्या मागेच लागली, "काहून तिकडे मारला गं? काहून घाबरली? काहून बोलत नाही?"

"काहूनबाई!" दारात मंदा दीदी उभी. हातात खोव्याच्या जलेबीचा पुडा. "किती झाले?"

"दीदी, हे घर आहे, इथे..."

"मी आली म्हणजे मैदान झालं. पळ."

"झाड कुठे आहे इथे?"

"नळ तर आहे ना अंगणात? नळाला हात लावून ये."

मी पळली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बादलीत पाय गेला आणि धप्पकन पडली. दीदीनं टाळ्या वाजवल्या. दिवाणावरून खुक्‌ असा आवाज आला. गुड्डी भिंतीकडे तोंड करूनच हसून राहिली होती.

दीदी तिच्याजवळ बसली. पुडा उघडला. "घे, हरलेल्याचा हक्क पहिला. जिंकलेल्याला तर कोणीही खाऊ घालते." गुड्डीनं हात पुढे केला नाही. दीदी म्हणाली, "पाहा, गोल चुकला. गुड्डी नाही चुकली. तुझी आई पडली, उठली, ओल्या साडीत उभी आहे. मग तू काहून पडून राहिली?"

गुड्डी ताडकन उठून बसली. डोळे एवढे मोठे.

"दीदी ने काहून बोला!"

"मी? छे!"

"बोला! बोला! मम्मी, बोला ना?"

मी म्हटलं, "हो दीदी. बोलल्या तुम्ही."

मंदा दीदीनं एक मोठा श्वास घेतला, साडी खोचली आणि निघाली. कट्‌कट, कट्‌कट, दोन्ही गुडघे वाजवत, भिंत धरत, नळाकडे. गुड्डी पाठोपाठ धावली. "दीदी, फास्ट! और फास्ट!" परत येताना दीदीला आधार पाहिजे होता. गुड्डी आत पळाली, दिवाणाखालून स्टिक ओढली आणि तिच्या हातात दिली. दीदीनं ती टेकत टेकत दार गाठलं, मग गुड्डीलाच परत दिली. "आता?" तिनं विचारलं. तोंडात जलेबी भरलेली गुड्डी म्हणाली, "आता बॉल."

ते दीदीच्या तोंडून चुकून निघालं की मुद्दाम, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर काहूनच म्हणावं लागलं असतं.

या थंडीत मंदा दीदी गेली. सकाळी उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरी मैदानात तर आल्या, पण कोणी स्टिक उचलेना. सगळ्यात लहान पोरगी बादलीकडे पाहत रडायला लागली. "दीदी काहून चली गई?"

कोणी हसलं नाही. गुड्डीनं तिचा हात धरला आणि दोघी झाडाकडे पळाल्या. मग दुसरी निघाली, मग सगळ्याच. कारण मनात तर सगळ्यांच्याच तेच होतं. माझ्याही होतं. मी पदर खोचला आणि पळली. बुंध्याला इतके हात लागले की माझा हात ठेवायला जागा मिळेना.

परत आलो तेव्हा सगळ्यांना दम लागला होता. गुड्डी ओरडली, "आता?" आवाज फाटला तिचा, पण ओरडली. खेळ सुरू झाला. बादली रिकामी बघवेना म्हणून मी तिच्यावर बसली. तेवढ्यात बॉलच्या मागे पळता पळता गुड्डीच धाडकन पडली, माझ्या डोळ्यासमोर, त्याच गुडघ्यावर.

हळदीची डबी मी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.