सरोजिनी नगर ते फरीदाबाद, झेंडूच्या माळेसकट

आमचे अण्णा सोलापुरात एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवत. दर खंडेनवमीला तो धुऊन, हार घालून पूजा करत. पेढे मालकाच्या घरी जात आणि अण्णा पायी आमच्या घरी. आई विड्या वळायची. दोघांच्या कमाईत महिना सरत नसे. धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न फरीदाबादच्या एका मराठी घरात ठरलं तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "ड्रायव्हरची मुलगी आहे, पण गुणी आहे." अण्णा हसले, पण ते विसरले नाहीत.

मी घरातली पहिली पदवीधर. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, परीक्षा दिली, दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीत लागले. सरोजिनी नगरात क्वार्टर मिळालं आणि एक जुनी कार घेतली. ती बघायला अण्णा आले. दसऱ्याला फरीदाबादला, सुमनच्या घरी, आपल्या गाडीतून जायचं एवढंच त्यांचं मागणं.

दसऱ्याच्या सकाळी निघालो. अण्णांच्या मांडीवर सोलापुराहून ओल्या फडक्यात आणलेली आपट्याची पानं होती. पहिल्याच सिग्नलला गाडी उभी राहिली आणि इंजिन उगाच जोरात पळू लागलं, मग धापा टाकत मंदावलं आणि बंद पडलं. पुढच्या सिग्नललाही तेच. मागून एक ऑटोवाला ओरडला, "मॅडम, चलाओ भी! या धक्का दें?"

आश्रम नावाच्या चौकापुढे थांबून बेडमी (उडदाची डाळ भरलेली पुरी) खाल्ली. सोबत तिखट आलू. शेजारीच एक मिस्त्री होता. त्याने गाडीचा आवाज ऐकला आणि माझ्याकडे न बघता अण्णांना सांगितलं, "बाऊजी, कार्बोरेटर गया. गाड़ी छोड़ जाओ."

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणारा भाग. अण्णा खाली उतरले.

"तू ऑटोनं जा शालू. मी इथंच बसतो. त्यांच्या दारात गाडी बंद पडलेली मला दाखवायची नाही."

"अण्णा, काल दुपारी आपण बाजारात जाऊन आलो तेव्हा गाडी ठीक होती ना?"

"बिल्कुल ठीक होती."

"मग एका रात्रीत कार्बोरेटर कसा जाईल?"

मी पुन्हा आत बसले. इंजिन सुरू करून ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट, आणि दाबताच इंजिनाचा सूर बदलला. इंजिन हवा आत ओढतं, त्याच ओढीतून एका नळीवाटे ब्रेकला जोर मिळतो. इंजिन आणि ब्रेक एकदम बिघडले, म्हणजे ती ओढ मधेच कुठेतरी गळत होती. बॉनेट उघडलं. आत झेंडूची माळ, हळदकुंकू आणि बारीक 'स्स्स' असा आवाज. माळेचं टोक एका जाड रबरी नळीला करकचून बांधलेलं. नळी ओढली जाऊन तोंडाशी चिरली होती. ती चीर मी बोटांनी दाबून धरली. इंजिन एकसारखं, संथ चालू लागलं.

"अण्णा, काल खंडेनवमीच्या पूजेत माळ आत का बांधलीत?"

"इंजिन खरा देव. नुसत्या पत्र्याला काय हार घालायचा?"

"नळीला बांधलीत."

"हात्तिच्या! पूजेनं गाडी बिघडते होय?" ते वाकून बघत राहिले. "आमच्या डिझेलच्या टेम्पोत तिथं असलं काही नव्हतं गं."

मिस्त्रीकडून सुरी आणि पेचकस घेतला. चिरलेलं टोक कापलं, उरलेली नळी बसवून पट्टी आवळली. पेडल पुन्हा मऊ झालं. शेजारच्या गल्लीत ब्रेक तपासून आले.

मिस्त्री म्हणाला, "बाऊजी, बिटिया तो हमारी दुकान बंद करा देगी."

"पढी-लिखी है," अण्णा म्हणाले आणि गाडीत बसले.

माळ त्यांनी आता पुढच्या जाळीला बांधली होती. मथुरा रोडला मैदानांत रावण उभे होते, काहींची डोकी अजून खालीच. बदरपूरच्या गर्दीत गाडी कितीदा तरी थांबली. अण्णा दर वेळी बोलणं थांबवून इंजिन ऐकत. ते एकदाही अडखळलं नाही.

फरीदाबादला सुमन धावत खाली आली. मागून सासूबाई. मी किल्लीला हात घातला तर अण्णा म्हणाले, "थांब, लगेच बंद करू नको." इंजिन संथ चालत राहिलं. मग ते सावकाश उतरले आणि सासूबाईंच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या विहीणबाई."

"गाडी कुणाची?"

"आमची," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी परतताना ते बाजूच्या सीटवर गाढ झोपले. इतकी वर्षं गाडीत जागं राहणं हेच त्यांचं काम होतं. सरोजिनी नगर येईपर्यंत मी त्यांना उठवलं नाही. आमच्या घरात पहिली पदवी आली, पहिली गाडी आली, आणि त्या गाडीतून अण्णा विहिणीच्या दारी जाऊन आले.