परातीच्या उजेडातली दिवड

जानेफळच्या बशीरचाचांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरानं फोटो बरा काढला. मी नुसतं बटण दाबलं.

शेतात सौरपंप बसवणाऱ्या टोळीत मी खांब रोवतो. शाळा आठवीत सुटली. वेंगुर्ल्याकडचं घर सोडून आता दुसरा शिमगा येईल. सुलतानपूरचं काम आटोपून टेम्पोनं जानेफळला आलो, तेव्हा हरभरा घाट्यांवर होता आणि कापसाची शेवटची वेचणी चालली होती. काळी, सपाट जमीन. आपल्याकडे नजर दहा पावलांवर माडाला नाहीतर फणसाला आपटते. इथं ती कुठं थांबतच नाही, आणि मग घराकडे जाते.

सापांचे फोटो मी आईसाठी काढतो. आमच्या विहिरीत एक दिवड असायची. कळशी सोडण्याआधी आई तिला "बाजूक हो गो" म्हणायची. विहिरीवर जाळी बसवली त्या वर्षापासून ती दिसेनाशी झाली. म्हणून कामावर कुठल्या विहिरीत साप दिसला की फोटो काढून घरी पाठवतो. मोबाईल जुना, कॅमेऱ्याच्या काचेला चरा. काम सुटेपर्यंत ऊन उतरलेलं असतं, त्यात सगळं काळं येतं. टॉर्च मारली तर मधोमध पांढरा डाग. तरी आई दर वेळी म्हणायची, "बरो इलो हा फोटो." सुलतानपूरला असताना बहिणीनं फोनवर सांगून टाकलं की आईला त्यात काही दिसत नाही, ती मोबाईल उलटा धरूनसुद्धा बरो म्हणते. तेव्हापासून घास गोड लागेना. आईला खरोखर दिसेल असा एक तरी फोटो हवा होता, आणि जानेफळात आम्ही चारच दिवस होतो.

तिसऱ्या दिवशी काम सुटल्यावर गावाबाहेरच्या पायऱ्यांच्या विहिरीत दिवड दिसली. शेवटच्या पायरीशी, डोकं पाण्याबाहेर काढून. टॉर्च लावली की बुडायची. तीनदा बुडाली. वर आलो तर काठाजवळ भट्टी मांडून बसलेले एक म्हातारे कलईवाले माझ्याकडे रोखून बघत होते. परगावचा माणूस विहिरीत साप शोधतो, म्हणजे तस्करच वाटायचा.

"काऊन बे (का रे), सरप इकतं का?"

मी मोबाईल पुढे केला आणि एका दमात आई, विहीर, जाळी सगळं सांगितलं. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले.

"हे तं माह्या भट्टीतले कोयसे हायेत," ते म्हणाले.

हेच बशीरचाचा. त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकर आणि सोल्याची भाजी (सोले म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, आपली आमसुलं नव्हेत) माझ्यापुढे सरकवली. मी कोकणातला कळल्यावर समुद्राचं विचारत राहिले. त्यांनी तो कधी पाहिलेला नाही. संध्याकाळी पाण्यावर उजेड कसा पडतो, हे त्यांना नेमकं हवं होतं. मला सांगता आलं नाही.

"बॅटरी त्याच्या डोयात मारतं तू, मंग तो थांबन काय? उद्या दिवस बुडाच्या आंधी ये. उजेड मी पाडतो."

चौथ्या दिवशी मुकादमाच्या विनवण्या करून लवकर सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी पुढच्या जिल्ह्यात निघणार होती. चाचांनी एका लग्नघरची पितळी परात नुकतीच तयार केली होती. भट्टीवर तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलेली. ती घेऊन ते काठावर उभे राहिले, मी खाली दिवडीपाशी उतरलो. विहिरीत अंधार, ऊन फक्त काठावर. परात जराशी कलती केली, आणि उजेड पायऱ्या उतरत खाली आला. टॉर्चसारखा टोचणारा नव्हे, ताकासारखा पातळ. दिवड हलली नाही. पिवळट अंगावरची काळी चौकट न् चौकट दिसत होती. मोबाईल छातीशी धरून मी तिच्यावर वाकलो. घाईनं बटण दाबायला गेलो.

"दम धर," वरून आवाज आला.

तीन फोटो काढले, आणि चाचांचा पाय घसरला. ते सावरले, पण परात काठाच्या दगडावर घासली. वर धावलो तर कलईवर लांब ओरखडा, खालचं पितळ उघडं. लग्नघरचा माणूस परात न्यायला येतच होता. मला रडू फुटलं. चाचा परात घेऊन पुन्हा भट्टीशी बसले.

"चाचा, माझ्यामुळं..."

"भाता मार. फोटो आला का, ते सांग."

मी भाता मारत राहिलो. परात पुन्हा चकाकेपर्यंत तो माणूस ताटकळला आणि चाचांना नाही नाही ते बोलला. चाचांनी माझं नाव घेतलं नाही.

मुक्कामावर परत येताच फोटो नीट न बघताच घरी पाठवला. बघायची भीती वाटत होती. सकाळी टेम्पोत चढताना आईचा फोन आला. या वेळी ती बरो म्हणाली नाही.

"दिवड दिसली रे माका," असं म्हणाली. "पण तू किती सुकलस."

मी फोटो उघडला. दिवडीशेजारी, पाण्यात, माझा चेहरा होता.

टेम्पो जानेफळ सोडून निघाला तेव्हा विहिरीकडे भट्टीचा धूर दिसत होता. उतरून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. घरी जाईन तेव्हा बशीरचाचांना सोबत नेईन. माळ्यावर आईची भांडी कलईवाचून पडली आहेत असं सांगेन, नाहीतर ते यायचे नाहीत. आणि संध्याकाळी, भट्टी पेटवायच्या आधी, त्यांना समुद्रावर नेऊन उभं करीन.